प्रकल्प नोंदी: केंद्रकातल्या आरबीवरचे फॉस्फेट मोजताना

पेशीसंवर्धन आणि ब्लॉटिंग (जेलवर वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखणे), नागपूर. एप्रिल ते जून.

८ एप्रिल

प्रश्न असा ठरला: सीडीके४/६ या कायनेजांचा (प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांचा) रोधक दिल्यावर कर्करोगाच्या पेशींच्या केंद्रकातल्या आरबी या वाढ रोखणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट किती उतरते, आणि त्याबरोबर पेशी जी१ (डीएनएची प्रत काढण्याआधीच्या) टप्प्यात खरोखर थांबतात का. आधी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर पद्धत बसवायची, मग मुखकर्करोगाच्या पेशींकडे वळायचे. विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्यांचे प्रमाण पाहता दुसरा भागच इथे जास्त कामाचा आहे. पण पद्धत कच्ची असताना तो हातात घेण्यात अर्थ नाही.

नव्याने गटात येणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो. आरबी हे ९२८ अमिनो आम्लांचे प्रथिन, जेलवर साधारण ११० किलोडाल्टनला दिसते. जनुक १३व्या गुणसूत्रावर, १३क्यू१४ येथे. ते १९८६ मध्ये हाती लागले. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात, हा नडसन यांचा १९७१ चा अंदाज तेव्हा पक्का झाला. फॉस्फेट कमी असलेले आरबी केंद्रकात ई२एफ या प्रथिनांना धरून बसते आणि डीएनएची प्रत काढायला लागणारी जनुके बंद राहतात. जी१च्या सुरुवातीला सायक्लिन डी व सीडीके४/६ ही जोडी आरबीवर थोडे फॉस्फेट बसवते. पुढे सायक्लिन ई व सीडीके२ ही जोडी बरेच बसवते. तेव्हा ई२एफ सुटते आणि पेशी एस (डीएनएची प्रत काढण्याच्या) टप्प्यात जाते. विभाजनाच्या शेवटी पीपी१ हे फॉस्फटेज ते फॉस्फेट पुन्हा काढते.

कर्करोगात ही साखळी वेगवेगळ्या जागी तुटते. सीडीके४/६ ला आवरणारे पी१६ प्रथिन गेलेले असते, किंवा ११क्यू१३ वरचे सायक्लिन डी१चे जनुक वाढीव प्रतींत असते. दोन्हींत आरबी असते पण सतत फॉस्फेटने लादलेले. आरबी१ जनुकच गेलेले असेल तर ब्लॉटवर पट्टाच नाही. एचपीव्ही विषाणूचे ई७ प्रथिन असेल तर आरबी नष्ट केले जाते आणि पी१६ उलट भरपूर दिसते. पेशी चारही प्रकारांत वाढतातच, पण रोधकाचा उपयोग आरबी शाबूत असेल तिथेच. म्हणून प्रत्येक ब्लॉटवर एकूण आरबी दाखवल्याशिवाय फॉस्फो-आरबीचा (फॉस्फेट बसलेल्या आरबीचा) आकडा वहीत चढवायचा नाही.

एक टिपण जाता जाता. ‘केंद्रकात फॉस्फोरिलेशन वाढले म्हणजे कर्करोग वाढला’ असे वाक्य कुठल्याही सादरीकरणात नको. जागा सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पेशीची वाढ चालवणाऱ्या मिक प्रथिनावर सेरीन ६२ ला (६२व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला) फॉस्फेट बसले की ते टिकते, थ्रिओनीन ५८ ला बसले की एफबीडब्ल्यू७ मार्फत त्याची विल्हेवाट लागते. गाठ रोखणाऱ्या पी५३ प्रथिनावर सेरीन १५ ला बसलेले फॉस्फेट तर पेशीला थांबवण्याच्या बाजूचे.

आमच्या जागा: आरबीवर सेरीन ७८० आणि सेरीन ८०७/८११. सोबत डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन एच३ प्रथिनावर सेरीन १०, कारण त्यावरून विभाजनात असलेल्या पेशी ओळखता येतात.

११ एप्रिल

पेशी. स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७ ही ओळ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून. यात आरबी शाबूत, पी१६ नाही. म्हणजे फॉस्फो-आरबी भरपूर मिळणार आणि रोधकाला प्रतिसादही. उलट बाजूसाठी स्तनाच्याच कर्करोगाची एमडीए-एमबी-४६८: आरबी नाही. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत असेल तर ती इथे उघडी पडते.

एमसीएफ-७ डीएमईएममध्ये, १० टक्के सिरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एमडीए-एमबी-४६८ साठी एल-१५ माध्यम सुचवलेले असते, पण ते हवेवर चालणारे आहे. कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये झाकण सैल ठेवून ठेवले तर आम्लधर्मी होऊन पिवळे पडते. आमच्याकडे इन्क्युबेटर एकच, त्यामुळे दोन्ही ओळी डीएमईएमवर घेतल्या आणि ४६८ ला दोन-तीन पॅसेज (नव्या प्लेटवर पुनर्लागवड) सवय होऊ दिली.

दहा सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २० लाख पेशी, ६० ते ७० टक्के भरल्यावर काम. हा आकडा सैल धरू नये. प्लेट गच्च भरली की पेशी आपसूक जी१ मध्ये थबकतात आणि औषध न देताही फॉस्फो-आरबी पडते. नियंत्रण प्लेट जास्त भरलेली आणि औषधाची प्लेट विरळ असेल तर औषधाचा परिणाम अर्धा झाकला जातो. माध्यमही सर्व प्लेटांचे एकाच वेळी बदलावे, कारण ताज्या सिरमने काही तासांत आरबीवरचे फॉस्फेट वाढते.

फिनॉल रेडचा लाल रंग एमसीएफ-७ साठी निरुपद्रवी नाही. त्याला इस्ट्रोजेनसारखा सौम्य गुण आहे. हार्मोन काढून पेशी थांबवायचा प्रयोग कधी केला, तर फिनॉल रेडविना माध्यम आणि कोळशाने गाळलेले सिरम असे दोन्ही लागेल. सध्याच्या कामाला गरज नाही.

१५ एप्रिल

साठ्याची द्रावणे.

पाल्बोसिक्लिब, म्हणजे आमचा सीडीके४/६ रोधक: इसेथिओनेट क्षार घेतला, तो पाण्यात विरघळतो. ५.७४ मिलिग्रॅम १ मिलिलिटर पाण्यात म्हणजे १० मिलिमोलर. मूळ बेस स्वरूपातली पावडर डीएमएसओमध्ये नीट उतरत नाही, ढगाळ द्रावण तसेच वापरले तर मात्रा किती गेली ते कळायला मार्ग नाही. १० मिलिलिटर माध्यमात १ मायक्रोमोलर हवे तर १० मिलिमोलर साठ्याचा १ मायक्रोलिटर लागतो, आणि १ मायक्रोलिटर हा पिपेटच्या भरवशाचा आकडा नाही. मधला १ मिलिमोलर साठा केला, त्यातले १० मायक्रोलिटर. नियंत्रणात १० मायक्रोलिटर पाणी.

सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट (फॉस्फटेज-रोधक): १.८४ ग्रॅम, ५० मिलिलिटर, २०० मिलिमोलर. पीएच १० वर आणला की पिवळा-केशरी रंग येतो. उकळून रंग घालवायचा, थंड करायचे, पीएच पुन्हा १०, पुन्हा उकळायचे. पीएच १० ला रंगहीन टिकले की झाले. छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला. मात्र व्हॅनाडेट मुख्यतः टायरोसीनवरचे फॉस्फेट वाचवते. आरबीवरची ठिकाणे सेरीन-थ्रिओनीनची. त्यांच्यासाठी खरे रक्षक सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. शिवाय डीटीटी (क्षपणक) आणि ईडीटीए (धातू पकडणारे) दोन्ही व्हॅनाडेटला निकामी करतात. बफरमध्ये डीटीटी घालून ‘व्हॅनाडेट पण आहे’ म्हणणे हे स्वतःचे समाधान.

सोडियम फ्लोराइड: ०.५ मोलर, २.१ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, प्लास्टिकच्या बाटलीत. काच खाल्ली जाते. मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये ते शेवटी आणि ऐनवेळी घालावे, ठेवून दिले तर बारीक गढूळपणा धरतो.

पीएमएसएफ (प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा रोधक): १०० मिलिमोलर, आयसोप्रोपेनॉलमध्ये. पाण्याच्या बफरमध्ये ते तासाभरातच बरेचसे संपते, म्हणून लायसिसच्या (पेशी फोडण्याच्या) आधी दोन मिनिटे.

१९ एप्रिल

पहिला ब्लॉट, अख्ख्या पेशींच्या लायसेटचा (पेशी फोडून मिळालेल्या द्रवाचा). औषध १ मायक्रोमोलर, २४ तास.

पेशी ट्रिप्सिनने उचलल्या नाहीत. ३७ अंशांवर पाच-दहा मिनिटे आणि वर सिरमचा मारा, एवढ्यात कायनेज आणि फॉस्फटेज दोन्ही आपापले काम करत राहतात. प्लेट थेट बर्फावर, थंड पीबीएसने दोनदा धुतली, बफर ओतून खरवडले. नियंत्रण आणि औषध अशा प्लेटा आलटून-पालटून घेतल्या, म्हणजे बर्फावर थांबण्याचा वेळ एकाच गटाला जास्त पडत नाही.

जेल ८ टक्के. दुपारी वातानुकूलन बंद होते तेव्हा ओतलेले जेल कंगवा बसवेपर्यंतच गोठले. उन्हाळ्यात नागपुरात अ‍ॅक्रिलामाइडचे मिश्रण आधी फ्रिजमध्ये गार करावे आणि टेमेड निम्मे घालावे. घाईत गोठलेल्या जेलमध्ये पट्टे हसऱ्या तोंडासारखे वाकतात. कार्यपद्धतीत जिथे ‘खोलीच्या तापमानाला’ होते तिथे ‘२५ अंश’ असे लिहून टाकले.

ट्रान्सफर ओला, १०० व्होल्ट, ९० मिनिटे, पीव्हीडीएफ ०.४५ मायक्रॉन, मिथेनॉल १० टक्के. ११० किलोडाल्टनच्या प्रथिनाला २० टक्के मिथेनॉल जड जाते, जेल आकसते आणि आरबी अर्धे आतच राहते. टाकीत बर्फाचा पॅक, तोही मध्येच बदलला.

ब्लॉकिंग (पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकणे) ५ टक्के बीएसएने, टीबीएसटीमध्ये. दुधाने नाही: दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेट असलेले प्रथिन आहे आणि फॉस्फो-अँटिबॉडीला पार्श्वभूमी काळी पडते. बीएसएच्या साठ्यात सोडियम अझाइड असेल तर तो दुसऱ्या अँटिबॉडीच्या टप्प्याला वापरू नये, तिच्यावरचे एचआरपी हे पट्टा उजळवणारे विकर मरते.

निकाल: एमसीएफ-७ नियंत्रणात फॉस्फो ८०७/८११ ठळक, औषधात फार फिका. ४६८ मध्ये दोन्ही कोरे, हे बरे झाले. एकूण आरबीचा पट्टा नियंत्रणात जाड आणि वरच्या बाजूला ओढलेला, औषधात बारीक आणि खाली. जास्त फॉस्फेट असलेले आरबी जेलमध्ये हळू चालते, त्यामुळे हा सरकलेला पट्टा फॉस्फो-अँटिबॉडीशिवायही बरेच सांगतो. तो स्पष्ट हवा असेल तर जेल ७ टक्क्यांचे करून रंगाची रेघ बाहेर गेल्यावरही थोडे चालवावे.

औषधात एकूण आरबीही उतरले आहे. सीडीके४/६ रोधकांखाली असे होतेच. म्हणून आकडा फॉस्फो भागिले एकूण असाच, आणि लोडिंगसाठी तिसरे प्रथिन वेगळे.

२४ एप्रिल

अँटिबॉडी खरोखर फॉस्फेटच ओळखते का, याची खात्री लॅम्डा फॉस्फटेजने. लायसेटचे दोन भाग, दोन्ही फॉस्फटेज-रोधकांविना केलेले. एकात ४०० युनिट विकर आणि १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड, दुसऱ्यात फक्त मँगनीज. ३० अंश, ३० मिनिटे. लायसिस बफरमध्ये ईडीटीए नको, ते मँगनीज पकडून विकर बंद पाडते. नेहमीच्या लायसेटवर हा प्रयोग केला तर फ्लोराइडमुळे विकर चालत नाही आणि ‘पट्टा गेला नाही, अँटिबॉडी खराब’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

८०७/८११ चा पट्टा गेला, एकूण आरबी खाली सरकले. ७८० ची अँटिबॉडी मात्र ७० किलोडाल्टनच्या आसपास एक पट्टा दाखवते, जो फॉस्फटेजने हलत नाही आणि ४६८ मध्येही आहे. तो आरबी नाही. या अँटिबॉडीने इम्युनोफ्लुरोसन्स (पेशीत अँटिबॉडी चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करायचे नाही. ब्लॉटवर आकारावरून वेगळा काढता येतो, सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एकाच रंगात उजळते.

२९ एप्रिल

केंद्रकाचा भाग वेगळा काढणे. प्रकल्पाच्या नावात ‘केंद्रकातले’ आहे, त्यामुळे हे अपेक्षितच होते.

बफर अ: हेपीस १० मिलिमोलर पीएच ७.९, पोटॅशियम क्लोराइड १० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड १.५ मिलिमोलर, डीटीटी ०.५ मिलिमोलर, फ्लोराइड १०, ग्लिसरोफॉस्फेट २०. खरवडलेल्या पेशी ५०० जी, ५ मिनिटे, ४ अंश. गोळ्याच्या पाचपट बफर अ, बर्फावर १० मिनिटे फुगू दिल्या. एनपी-४० शेवटी ०.२ टक्के होईल इतके, दहा सेकंद व्होर्टेक्स. ट्रायपॅन ब्लूने पाहिले: जवळपास सगळी केंद्रके निळी, भोवती पेशीद्रव्याची झालर नाही. खाली बसवून वरचे द्रव ‘पेशीद्रव्य’ म्हणून काढले. केंद्रके एकदा बफर अ ने धुतली, ते धुवणही जपून ठेवले. मग बफर क: हेपीस २०, सोडियम क्लोराइड ४२०, मॅग्नेशियम १.५, ईडीटीए ०.२, ग्लिसरॉल २५ टक्के. ४ अंशांवर ३० मिनिटे फिरवले, १६,००० जी, १५ मिनिटे. उरलेला गोळा एसडीएस या डिटर्जंटमध्ये.

लोडिंग समान मायक्रोग्रॅमने नाही, समान पेशीसंख्येने. पेशीद्रव्यात प्रथिन कितीतरी जास्त असते. दोन्हीकडे २० मायक्रोग्रॅम घातले तर केंद्रकाची बाजू फुगवून दिसते आणि गळती लपते.

निकाल वाचायला सोपा, पचायला अवघड. नियंत्रण पेशींत फॉस्फो-आरबीचा मोठा वाटा ‘पेशीद्रव्या’त आणि धुवणात, केंद्रकाच्या अर्कात कमी. औषध दिलेल्या पेशींत एकूण आरबी जवळपास सगळे केंद्रकात. या ब्लॉटवरून कोणीही लिहील की पाल्बोसिक्लिब आरबीला पेशीद्रव्यातून केंद्रकात पाठवते. छान चित्र, गोष्टही छान. छापायला कोणी नाही म्हणणार नाही.

३० एप्रिल

केंद्रकाची खूण लॅमिन ए/सी फक्त केंद्रकात, पेशीद्रव्याची खूण ट्युब्युलिन फक्त पेशीद्रव्यात. रूढ निकषांनी वेगळे काढणे स्वच्छ.

३ मे

लॅमिनच्या साक्षीवर समाधान मानू नये. लॅमिन हे केंद्रकाच्या आवरणाला आतून लागलेले जाळे आहे. ते ४२० मिलिमोलर मिठालाही दाद देत नाही. ते पेशीद्रव्यात न दिसणे म्हणजे केंद्रके फुटली नाहीत, एवढेच. सुटी, विरघळलेली केंद्रक-प्रथिने आवरणाच्या छिद्रांतून निसटली की नाही याबद्दल लॅमिन काहीच बोलत नाही. त्यासाठी असे प्रथिन पाहावे लागते जे केंद्रकात असते पण घट्ट बांधलेले नसते. डीएनएची प्रत काढायला मदत करणारे पीसीएनए घेतले. डीएनएची प्रत काढत नसलेल्या पेशींत त्याचा बराचसा भाग सुटा असतो. तेच ‘पेशीद्रव्य’ ब्लॉटवर लावले आणि पीसीएनएचा ठळक पट्टा आला. म्हणजे गळती आहे, आणि लॅमिन स्वच्छ असतानाच आहे.

आरबीच्या बाबतीत ही गळती सर्वांना सारखी नसते, खरा घोळ तिथे आहे. १९९१ मध्ये मिट्नाख्ट आणि वाइनबर्ग यांनी दाखवले होते की कमी फॉस्फेटचे आरबी केंद्रकात घट्ट बांधलेले राहते, आणि जास्त फॉस्फेटचे आरबी कमी मिठाच्या बफरमध्येही सहज सुटते. आमची पद्धत कमी मीठ आणि डिटर्जंटची. म्हणजे जे मोजायचे आहे तेच निवडून बाहेर टाकणारी.

खात्रीसाठी मिठाच्या पायऱ्या. नियंत्रण पेशींची केंद्रके १०, १००, २०० आणि ४२० मिलिमोलर सोडियम क्लोराइडने एकामागून एक, प्रत्येकी १० मिनिटे. फॉस्फो ८०७/८११ पहिल्या दोन पायऱ्यांत संपले. वर सरकलेला आरबी पट्टा त्यांच्याबरोबर. खालचा, कमी फॉस्फेटचा पट्टा २०० आणि ४२० ला. औषध दिलेल्या पेशींत पहिल्या दोन पायऱ्यांत जवळपास काहीच नाही. औषधाने आरबीची जागा बदललेली नाही, बांधणीची घट्टी बदलली आहे. जीवशास्त्र म्हणून हीदेखील उपयोगाची माहिती आहे, पण ती ‘केंद्रकात किती’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

विभाजनातल्या पेशी हा दुसरा संशय होता: त्यांना केंद्रकाचे आवरण नसते, सगळे आपोआप ‘पेशीद्रव्या’त जाते. पण सरमिसळ वाढणाऱ्या प्लेटमध्ये त्या थोड्याच असतात, एवढा मोठा वाटा त्यांच्याने भरत नाही.

७ मे

इम्युनोफ्लुरोसन्सने तेच दुसऱ्या बाजूने. कव्हरस्लिपवरच्या पेशी, दोन रांगा.

रांग एक: थेट ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १२ मिनिटे, मग ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटे.

रांग दोन: आधी सीएसके बफर, म्हणजे पाइप्स १० मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १००, साखर ३००, मॅग्नेशियम ३, ईजीटीए १, ट्रायटन ०.५ टक्के, सोबत ग्लिसरोफॉस्फेट. बर्फावर ५ मिनिटे, मग स्थिरीकरण.

रांग एकमध्ये नियंत्रण असो वा औषध, एकूण आरबी केंद्रकातच. फॉस्फो ८०७/८११ नियंत्रणात केंद्रकात उजळ, पेशीद्रव्य काळे. रांग दोनमध्ये नियंत्रणातले फॉस्फो जवळपास धुऊन गेले आणि एकूण आरबी फक्त काही पेशींत उरले. औषधाच्या स्लिपवर एकूण आरबी बहुतेक पेशींत टिकले. मिठाच्या पायऱ्यांशी तंतोतंत जुळते. सीएसकेनंतर पेशी सैल होतात, पिपेटचा झोत स्लिपवर थेट सोडू नये, कडेने सोडावा. विभाजनातल्या गोल पेशी तर पहिल्याच धुण्यात जातात, मोजणीत त्या धरू नयेत.

पॅराफॉर्मल्डिहाइड ताजे किंवा उणे २० वरचे. फ्रिजमध्ये पंधरा दिवस पडलेल्याने स्थिरीकरण अर्धवट होते आणि रांग एकसुद्धा रांग दोनसारखी दिसू लागते, म्हणजे मोजायचा फरकच पुसला जातो.

८ मे

दुपारी वीज गेली. उणे ८० चा फ्रीझर उघडला नाही, तापमान वाढले पण नमुने टिकले. फॉस्फो-अँटिबॉडीच्या ट्यूब उणे २० च्या बिनफ्रॉस्ट फ्रीझरमधून काढून साध्यात हलवल्या. बिनफ्रॉस्टमध्ये गोठणे-वितळणे रोजच चालते.

कुरिअरने येणाऱ्या वस्तूंबद्दल: मे महिन्यात कोरड्या बर्फाचा डबा नागपुरात पोचेपर्यंत बर्फ संपलेला असू शकतो. मागणी देतानाच जास्तीचा बर्फ मागावा आणि सोमवार-मंगळवारी निघेल असे पाहावे, शनिवारी गोदामात अडकू नये.

१३ मे

ठरलेली पद्धत. फॉस्फेटचे प्रमाण मोजायचे असेल तर केंद्रक वेगळे काढायचेच नाही. आरबी केंद्रकातच आहे हे रांग एकने दाखवले. मग अख्ख्या पेशीचे लायसेट हेच केंद्रकाचे माप.

लायसिस उकळत्या एसडीएसमध्ये: एसडीएस १ टक्का, ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.५, ९५ अंशांवर तापवलेले. माध्यम ओतून टाकले, थंड ट्रिस-सलाइनने एकदा चटकन धुतले, निथळवले, ४०० मायक्रोलिटर गरम बफर प्लेटवर, खरवडून ट्यूबमध्ये, पुन्हा ९५ अंश ५ मिनिटे. सगळी विकरे क्षणात बंद, रोधकांवर भिस्त नाही. पीबीएस नको, कारण त्यात पोटॅशियम असेल तर एसडीएसचा पांढरा साका बसतो. थंडीतही एसडीएसचा साका बसतो, म्हणून हे लायसेट बर्फावर ठेवायचे नाही.

डीएनएमुळे लायसेट शेंबडासारखे चिकट होते. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा, किंवा सोनिकेटर. तसेच जेलमध्ये घातले तर नमुना खाचेतून वर येतो आणि शेजारच्या रांगेत सांडतो.

प्रथिन मोजणी बीसीए चाचणीने, ब्रॅडफर्ड चाचणीने नाही. ब्रॅडफर्डला एसडीएस चालत नाही. बीसीएला डीटीटी चालत नाही, म्हणून आधी मोजणी, मग डीटीटी आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यू. रांगेत २५ मायक्रोग्रॅम.

फॉस्फो आणि एकूण: एकाच नमुन्याचे दोन जेल, एकाच वेळी ओतलेले, एकाच टाकीत चाललेले. पडदा धुऊन पुन्हा वापरण्याची सवय मोडली. धुताना प्रथिनही जाते, आणि पहिली अँटिबॉडी पूर्ण निघाली नाही तर एकूणच्या आकड्यात फॉस्फो मिसळते.

१७ मे

कमी झालेले फॉस्फेट हे औषधाने कायनेज बंद केल्याचे, की पेशी जी१ मध्ये साचल्याचे? २४ तासांनंतर दोन्ही एकत्र दिसतात. सुटे करायला वेळेच्या पायऱ्या: १, ४, ८, २४ तास, सोबत प्रत्येक वेळेला फ्लो सायटोमेट्री (प्रत्येक पेशीतला डीएनए मोजून तिचा टप्पा ठरवणे). पेशी ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये, थेंब-थेंब, व्होर्टेक्स चालू ठेवून, नाहीतर गठ्ठे. आरएनएज १०० मायक्रोग्रॅम, प्रोपिडियम आयोडाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश ३० मिनिटे. जोड्या वगळायच्या, कारण चिकटलेल्या दोन जी१ पेशी जी२ च्या जागी मोजल्या जातात.

पहिल्या तासातच फॉस्फो उतरायला लागते, तेव्हा पेशींची वाटणी हललेलीही नसते. पण ते पूर्ण जात नाही. एस आणि जी२ मधल्या पेशींत सीडीके२ आरबीवरचे फॉस्फेट राखून असते. उरलेला भाग पेशी चक्र पुरे करून जी१ ला येतील तसा उतरतो. म्हणून औषधाचा थेट परिणाम म्हणायचा असेल तर १ आणि ४ तासांचे आकडे, वाढ थांबली म्हणायचे असेल तर २४ तास आणि फ्लो सोबत.

२१ मे

हिस्टोन एच३ सेरीन १०. धन नियंत्रण: पेशींना विभाजनात अडकवणारे नोकोडॅझोल १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, १६ तास, प्लेट आपटून सुटणाऱ्या गोल पेशी. पट्टा १७ किलोडाल्टनला, १५ टक्के जेल, ०.२ मायक्रॉनचा पडदा, ट्रान्सफर ४५ मिनिटेच, जास्त वेळ दिला तर हिस्टोन पडद्यापार जाते. या खुणेमागे ऑरोरा बी कायनेज असते. औषध २४ तास दिलेल्या एमसीएफ-७ मध्ये ती जवळपास नाही, जशी असायला हवी: जी१ ला थांबलेल्या पेशी विभाजनापर्यंत पोचतच नाहीत. हिस्टोन साध्या डिटर्जंटच्या लायसेटमध्ये गोळ्याबरोबर खालीच राहते. गरम एसडीएसमुळे हा वेगळा त्रास उरला नाही.

२७ मे

फॉस-टॅग जेल, म्हणजे किती फॉस्फेट बसले त्यानुसार प्रथिनाचे पट्टे सुटे करणारे. टॅग २५, मँगनीज ५० मायक्रोमोलर, अ‍ॅक्रिलामाइड ६ टक्के, २० मिलिअँपिअर, थंड खोलीत. नमुन्यात ईडीटीए नको. रंगीत मार्करमध्येही ईडीटीए असतो, तो शेजारच्या रांगा वाकवतो. मध्ये एक रांग मोकळी. ट्रान्सफरआधी जेल ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये दहा-दहा मिनिटे दोनदा, मग ईडीटीएविना एकदा. ते न केल्यास प्रथिने जेलमध्येच अडकतात. ६ टक्क्यांचे जेल हाताळायला फार मऊ, फिल्टर पेपरवरच उचलावे. आरबी शिडीसारखे उलगडले, औषधात वरच्या पायऱ्या गेल्या. रोजच्या मोजणीला हे महाग आणि हळवे काम आहे, फक्त शेवटच्या आकृतीसाठी ठेवावे.

३ जून

मुखकर्करोगाची कॅल-२७ ही ओळ वितळवली. जिभेच्या गाठीतून आलेली, एचपीव्ही नाही, पी१६ कार्यक्षम नाही, आरबी आहे. म्हणजे तंबाखूच्या गाठींना जवळची. एमसीएफ-७ पेक्षा झपाट्याने वाढते. २० लाखांऐवजी १२ लाखांनी सुरुवात, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्लेट गच्च. फॉस्फो-आरबी नियंत्रणात ठळक, १ मायक्रोमोलरला ४ तासांत स्पष्ट उतार.

रुग्णांच्या ऊतींसाठी नीतिशास्त्र समितीचा अर्ज वेगळा जाईल. त्यात जोडायच्या अटी आत्ताच लिहून ठेवतो, कारण शस्त्रक्रियागृहात नंतर सुचवून उपयोग नसतो. रक्तपुरवठा तुटल्यापासून फॉर्मॅलिनपर्यंतचे मिनिट प्रत्येक नमुन्यावर लिहिलेले हवे, फॉस्फेट तेवढ्यातच उतरते. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण १ मिलिमीटर शिरते, म्हणून अख्खी गाठ बुडवून ठेवलेला नमुना घ्यायचा नाही. ३ ते ४ मिलिमीटरचे काप, तटस्थ बफरमधले १० टक्के फॉर्मॅलिन, कापाच्या दहापट. काचपट्ट्यांवर धुणे टीबीएसने. प्रत्येक पट्टीवर पी१६ आणि एकूण आरबी आधी. आरबी नसेल तर त्या गाठीवर फॉस्फोचा डाग वाचायचा नाही, ८०७/८११ कितीही तपकिरी दिसला तरी.